रकाना क्रमांक अकरा

पडवळ हौद. यादीत सत्तेचाळिसावा.
बांधणारा: सरदार पडवळ. दगड: काळा, घडीव.
पाणी: कात्रजच्या नळाचं, सध्या बंद.
उच्छ्वास: एक. निकामी.
सद्यस्थिती: वर स्लॅब, स्लॅबवर बावीस दुचाक्या,
एक इस्त्रीवाला, आणि एक बोका,
मी टेप पसरली की नेमका टेपवर बसणारा.

मी रोजंदारीवर. दर वास्तूमागे एक फॉर्म,
दर फॉर्मला अकरा रकाने,
अकरावा सगळ्यांत खाली, दीड ओळीचा:
स्थानिक प्रथा, असल्यास.
सेहेचाळीस वेळा मी तिथे आडवी रेघ मारली होती.
पेन तयारच होतं.

"निकामी कुणाला म्हणतेस?"
गजराबाई तारू. भोई आळी, जिन्याखालची खोली.
हातातला लसूण सोलायचा थांबला नाही.
"तो उसासा आहे.
वैशाखात, उपशाच्या दिवशी, त्यात नाव टाकतो आम्ही."

उपसा म्हणजे गाळ काढणं, हे मला माहीत होतं.
नाव टाकणं माहीत नव्हतं.

पाणी होतं तेव्हा, ती म्हणाली,
मेणे वाहणारे खांदे वर्षातून एक दिवस गाळ वाहायचे.
आळीतलं सगळ्यांत धाकटं चालतं पोर
संध्याकाळी दोराने खाली सोडायचे.
तळाला पाय लागला की त्याने आपलं नाव ओरडायचं.
हौद ते परत द्यायचा, तीनदा.
दोनदाच आलं तर गाळ अजून आहे,
बाप्ये पुन्हा घमेली घेऊन उतरायचे.

मी विचारलं, पुरावा?
ती हसली नाही. बोटांवर मोजू लागली:
बाबू. धोंडू.
कृष्णी, पहिली मुलगी, तिच्यावरून भांडण झालं होतं.
माझा यशवंता. तो राहिला नाही,
नाव आहे आत.
पानशेतच्या पुढल्या साली कुणीच नाही.
पोर होतं, आळी नव्हती.

स्लॅब पडल्यापासून कुणी उतरत नाही.
उसाशाच्या जाळीला तोंड लावून ओरडतात.
यंदा ईश्वरी, बालवाडीतली.
"ऐकायला ये," म्हणाली, "मग लिही."

गेले. दुचाक्या हलवण्यात अर्धा तास.
एकीचा मालक सापडेना, ती चौघांनी उचलली
मेणा उचलावा तशी. कुणीतरी हुं हुं केलं, हशा झाला.
ईश्वरीने जाळीवर गाल टेकला, लाजली,
आणि आधी ओरडली, "मन्याऽ"
कारण बोका समोर होता.
मग स्वतःचं.
आतून एकदाच आलं. जाड, ओलं, उशिरा.
"गाळ फार झालाय," गजराबाई म्हणाली,
जणू उद्याच कुणी घमेलं घेऊन उतरणार होतं.

दीड ओळीची मी साडेतीन पानं केली.
साहेबांनी ती वाचली, खरंच वाचली,
चहा गार होऊ दिला.
मग म्हणाले, छान आहे. पण बाई, रकाना बघा.

पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, मांडीला जड.
पान एकशे बारा. मी तिचं बोट धरून
अकराव्यावर ठेवलं.
"काय लिहिलंय?"
"आहेत."
"एवढंच?"
आज लसूण नव्हता, हात कोरडेच होते,
तरी दुसरा हात तिने पदराला पुसला.
"होत्या, असं नाही ना लिहिलं?"
"नाही."
"मग चालेल."
आणि बोट न उचलता,
"कडेला केवढी जागा सोडलीय. यंदाचं नाव घाल.
बोक्याचंही घाल. तेही आत गेलंय."

माझ्याकडे पेन्सिलच होती.