राख

चुलीतली राख मी चाळून ठेवते
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
कढई तिनंच घासते,
वांग्यावर मावा पडला की तीच फुंकते.
वाम साफ करताना बोटांना राख लावली नाही
तर वाम हातात राहत नाही.
चाळीस वर्षांत राखेनं माझं वाकडं केलं नाही.

काल मुनाफचा फोन, शारजाहून.
"आपा, आज येत नाही. अर्ध्या समुद्रावरून
विमान माघारी फिरवलं. वर राख आहे."
मी हसलेच.
राखेला कोण भितं रे?

बारा वर्षं तो तिथं विमानांची इंजिनं उघडतो.
म्हणाला, ती लाकडाची नव्हे, डोंगराची.
डोंगर फुटतो, दगडाचं पीठ होतं,
आणि पिठाचा कण न् कण काच.
इंजिन हवा ओढतं, हवेबरोबर ती काच.
आत जाळ इतका, की काच वितळते,
पुढे सरकते, निवते,
पात्यांवर पाकासारखी धरून बसते.
मग इंजिनाला दम लागतो.
पायलटच्या समोरची काच घासून आंधळी होते,
पुळणीत सापडणाऱ्या बाटलीच्या तुकड्यासारखी.

"आणि रडार?"
"रडारला पाऊस दिसतो. ही नाही."
"मग रात्री कळतं कसं?"
"काडी ओढल्यासारखा वास येतो.
काचेवर निळ्या ठिणग्या नाचतात."
थोडा थांबला.
"तोवर कधी कधी आत शिरलेलं असतं विमान."

रात्री ओट्यावर बसले.
सुवर्णदुर्गाच्या वर आभाळ स्वच्छ,
चांदण्या मोजून घ्याव्यात असं.
दोनच्या सुमारास आखाताकडून येणारा
तो लुकलुकता दिवा आला नाही.

वादळ असलं की बंदरावर बावटा चढतो,
तांडेल शिव्या देत होड्या आत घेतात.
आभाळात बावटा कुठं लावत असतील?
लावला कुणीतरी.
कुठल्याशा खोलीत, नकाशापुढं,
चहा गार झालेला कुणी माणूस
"फिरा मागे" म्हणाला,
आणि दोनशे माणसं त्याला शिव्या देत
परत उतरली.
त्याचं नाव मला कळायचं नाही.
कळलं असतं तर सोड्यांची एक पुडी पाठवली असती.

सकाळी मुनाफच्या वाटची सुरमई मिठात घातली.
डबा उघडला. चिमूटभर राख
दोन बोटांत चोळून पाहिली.
मऊ.
तरी कढई दारात उजेडाला नेली,
तिरपी धरली,
कुठं ओरखडा उठलाय का, बघत राहिले.