दोन तास सोडून

सिस्टर म्हणाली, “येरडु तास बिट्टु तगोरी.”
माझ्या तोंडाकडं बघून परत म्हणाली, सावकाश,
बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.
मला येरडु कळलं होतं, बिट्टु कळलं होतं,
तास तर आमचाच,
की त्यांचा, की दोघांनी मिळून उसना आणलेला, देव जाणे.
मी मान हलवली.
भरमा खाली उन्हात गाडीजवळ उभा होता.

पांढरी गोळी हाडांसाठी.
तांबडी रक्तासाठी.
पिवळी, मसुराएवढी, त्या दुखण्यासाठी
ज्याला आमच्या बोळात नाव नाही,
“ते” म्हणतात.
पिवळी ते परत येऊ देत नाही, पण हाडं झिजवते,
म्हणून पांढरी.
पांढरी पोटात असली की तांबडी अंगी लागत नाही,
म्हणून दोन तास.
तीन जावांच्या एका चुलीवर दिवस काढलेत मी.
मला हे शिकवायला नको होतं.

वडगावात आमच्या घरी घड्याळ आहे, भिंतीवर, बंद.
वेळ मागावर चालते.
सातला सातेरी बटण दाबतो
आणि ताटं, समई, खिडकीची काच, माझे दात
सगळं त्या ठोक्याला लागतं.
मी कांड्या भरते.
दोन तासाला पस्तीस कांड्या, लग्न होऊन आले तेव्हापासून.
म्हणून मी मोजायला लागले:
जेवणावर पांढरी,
मग पस्तीस कांड्या,
मग तांबडी.

महिन्यानं रक्त तपासलं. आठ.
होतं तेवढंच. वर थोडं कमीच.
डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला.
भरमानं विचारलं, रक्त वाढवायचं इंजेक्शन असतं म्हणे?
त्या म्हणाल्या, हिला ते सहजासहजी द्यायचं नसतं,
एक वाढवायला जावं आणि दुसरंच वाढावं.
मग पेन खाली ठेवून मला विचारलं,
“गोळी घेता ना?”
घेते.
“कधी?”
पस्तीस कांड्या झाल्यावर.

त्या हसल्या नाहीत. हे मला आवडलं.
घरी येऊन भरमानं मोबाईल समोर ठेवला, म्हणाला, भर.
दोन तासात बावीस झाल्या.
बावीस.
डावा हात खांद्यावर जात नाही,
चार कांड्या झाल्या की दिवे लागल्यासारखं डोळ्यांपुढं येतं,
आणि मी आपली जुन्या बाईच्या हातानं
नव्या बाईची वेळ मोजत होते.
पस्तीस व्हायला तीन वाजून जात होते.
आणि तीनला गंगव्वा येते.

गंगव्वा चहा घेऊन येते.
टाके काढून घरी आले त्या दिवशी आली,
पदराखाली तांब्या, दोन कप.
बाकीच्या दारातून विचारून गेल्या.
ही आत आली, चहा ओतला,
माझ्या झंपराच्या रिकाम्या बाजूकडं नीट बघितलं एकदा,
आणि मग आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं.
तेव्हापासून रोज.
तांबडी गोळी, वर गंगव्वाचा चहा.
सगळं लोखंड चहात बुडत होतं.

ती कन्नडात बोलते, मी मराठीत,
सव्वीस वर्षं झाली.
त्यात दोन तास सोडा असं कुणी सांगितलेलं नाही.

मी तिला सांगितलं, चहा नको.
तिला वाटलं, मी रागावले.
मग तिला वाटलं, तिचा विटाळ धरला.
मग भरमानं सगळं समजावलं, गोळ्या हातात देऊन,
तर म्हणाली, एवढंच ना,
आणि दुसऱ्या दिवशी आली, पदराखाली तांब्या, एक कप
आणि एक लिंबू.

आता ती माझ्यासमोर बसून पिते, फुर्र करून.
मी वास घेते.
मध्येच वीज जाते, माग थांबतो,
बोळभर इतकी शांतता की गोळीची पुडी वाजते.
“एष्टायितु?” ती विचारते. किती झाल्या?
अठरा, मी म्हणते.
पाण्यात लिंबू पिळून ठेवलंय.
ती कप झाकून ठेवते, उगाच,
जसं काही मी मागणारच आहे.