नऊ वर्षांचा डावा पाय

दर मंगळवारी मी रद्द चादरी बाजूला काढते.
विरलेल्या, आयोडिनच्या डागांच्या,
कोपऱ्यावरचा निळा शिक्का अर्धा पुसलेल्या.
लँकॅस्टरच्या इस्पितळाचं तळघर,
इथे वाफेनं माझा चष्मा
दिवसातून चाळीसदा आंधळा होतो.
मिलाग्रोस रात्रपाळी उतरून येते,
दारातूनच विचारते, आज किती मेल्या?
म्हणजे चादरी.
माणसांचं ती बोलत नाही.

तिचा बाप मारिकिनात बूट शिवायचा.
नदीपासून दोन गल्ल्या, घराखालीच दुकान,
भिंतभर लाकडी कलबुतं,
तळव्यावर शिसपेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव.
पाद्र्याचा पाय. शाळामास्तरणीचा पाय.
अंगठा दोनदा मोडलेल्या एका बॉक्सरचा पाय.
एका शनिवारी नदी जिना चढून वर आली.
मिलाग्रोस तेव्हा रियाधला, कुणाच्या तरी आईला भरवत होती.
पूर तिनं फोनवर ऐकला,
लाकडावर लाकूड आपटल्यासारखा.
चिखल उपसून बापाच्या हाती नऊ कलबुतं लागली.
त्यांतलं एक तिचं :
डावं. वय वर्षं नऊ.

त्यावर बूट कधी झालाच नव्हता.
कलबूत कोरून झालं, मग सणाची गिऱ्हाइकं आली,
मग शाळा उघडल्या, मग तिचा पाय मोठा झाला.
हे ऐकताना माझ्या तोंडाशी आपली एक जुनी म्हण आली,
जोडे शिवणाऱ्याच्या अनवाणी पोरांची.
त्या म्हणीत एक जात बसलेली आहे.
मी ती चहाबरोबर गिळली.

आता ती चादरीचे सात पदर भाताच्या खळीनं चिकटवते,
त्या एकाच कलबुतावर ओढून बसवते,
दोन सुयांनी शिवते, बापासारखी, ओठांत मेणाचा दोरा धरून.
ओलं असेपर्यंत ते पोटिसासारखं दिसतं.
वाळलं की बूट.
एकशे बारा झाले. सगळे डावे.

मोरकॅमला, बंद पडलेल्या बँकेत, प्रदर्शन लागलं.
कॅलम नावाच्या पोरसवदा क्युरेटरनं भिंतीवर लिहिलं :
विस्थापन, स्मृती, अनुपस्थित देह.
तुमच्या भाषेत काय म्हणतात ह्याला, तिनं विचारलं.
विस्थापन, मी म्हटलं.
चालल्यासारखा आवाज येतो का त्यात?
नाही गं. तलाठ्याच्या शिक्क्यासारखा येतो.
ती इतकी हसली की कॅलमनं मान वळवली.
डावेच का, लोक विचारत.
उजवा वाहून गेला, ती सांगे,
आणि बिस्किटांची बशी पुढे करी.

शेवटच्या दिवशी एक बाई आली, अंगावर अजून रेनकोट.
एका डागाळ फिकट बुटाशी थांबली.
शिक्का वाचला. पुन्हा वाचला.
हात लावू नये, अशी पाटी होती.
तिनं बूट उचलला आणि टाचेकडून आत बोट घातलं,
मुलांचे बूट घेताना आपण घालतो तसं,
किती जागा उरते ते बघायला.
कॅलम पुढे सरकला.
मिलाग्रोसनं त्याची बाही धरली.
काचेपलीकडे खाडीची भरती चिखलावर पसरत होती,
आवाज न करता.

रात्री बसथांब्यावर तिनं पिशवीतून कलबूत काढलं.
टाचेला, लाकडात, बोटभर जास्तीचं.
इतकी वर्षं मला वाटायचं बापाचं माप चुकलं, ती म्हणाली.
मी म्हटलं, आमच्यात ह्याला वाढत्या अंगाचं म्हणतात.
शर्ट, फ्रॉक, चपला. सगळं तसंच घेतात.
तिनं ते तीनदा म्हणून पाहिलं.
'ढ' काही जमला नाही.
वारा, मीठ, आणि आमची बस एक तास नव्हती.

आज मंगळवार.
चार, मी सांगते. एक तर अगदी चाळण झालीय.
तीही दे, ती म्हणते,
आणि कलबूत उलटं धरून विचारते,
ह्याला आरशात पाहून उजवं कोरता येईल का गं?