सकाळच्या नर्ससाठी

नुरझात, कोट काढून आधी हात धू,
धुतलेस की हीटरपाशी धर.
काल तू थंड बोटांनी तिसऱ्याला उचललंस,
तो रडला नाही, नुसता दचकला,
आणि ते दचकणं दिवसभर त्याच्या तळपायांत राहिलं.
चल, सांगते.

पहिला, जुळ्यांतला थोरला, आता अंगावर ओढतो.
ओढताना गालाला खळी पडली तर भुलू नकोस,
करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून सरकवून सोडव,
जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांब, मग लाव.
घाई आईला असते. त्याला नसते.

दुसरा पाळणा रिकामा आहे.
चादर मी बदलली.

तिसऱ्याचं सगळं कागदावर आहे, वाच.

चौथी आयझिरेकची. अजून नाव नाही.
तेहतीस आठवडे, एक हजार सहाशे दहा ग्रॅम,
म्हणजे बाजारातली दीड पाव पीठ कमी दोन किलोची पिशवी,
आणि त्यात नखंसुद्धा आली.
रात्री दोन दहाला वीज गेली.
बाहेर उणे सत्तावीस,
जनरेटरच्या डिझेलवर साय धरलेली,
रखवालदार खाली शिव्या घालत टाकी शेकतोय,
आणि पेटीची काच माझ्या तळव्याखाली गार होत चाललेली.
आई वरच्या मजल्यावर, टाके ओले, भुलीच्या तळाशी.

तेव्हा मी दार उघडून सेयिलकान आजीला आत घेतलं.
संध्याकाळी मीच तिला हाकललं होतं.
उन्हाळी कुरणावरचं पिवळं लोणी घेऊन आली होती,
नातीच्या ओठांना लावायला.
रीत आहे, माझ्या ओठांना लावलंय, तुझ्याही.
मी म्हटलं, नाही.
ती म्हणाली, मी सहा वाढवलीत.
मी म्हटलं, जन्मली किती होती?
बोलायला नको होतं मी ते.
ती गप्प झाली, बरणी पदराआड गेली.

अंधारात मी टॉर्च दातांत धरली.
आजीनं कोट काढला, बंडी काढली, दोन स्वेटर,
मग फुलाफुलांचा झगा गळ्यापासून उसवला, चक्क उसवला,
आणि त्या सुरकुतल्या, कोमट उताराला
मी पोरीला बेडकासारखी चिकटवली,
डोक्यावर टोपी, वर आजीचीच शाल घट्ट.
पारा पस्तीस चार.
आजी हलली नाही.
श्वाससुद्धा विचारून घेत होती.
चाळीस मिनिटांनी दिवे आले तेव्हा छत्तीस सहा,
आणि पोरगी तिच्या जुन्या मण्यांची माळ चोखत होती.

चारला मी वर गेले. आयझिरेक म्हणाली, काहीच येत नाही.
सगळ्याच म्हणतात.
कोमट फडकं ठेवलं, बोटं मागे दाबली, मग पुढे, मग पुन्हा.
चीक आला. थेंब, थेंब,
चमच्याच्या तळाशी कसाबसा दोन मिली.
खाली आणून आधी आजीला दाखवला.
तिनं बराच वेळ पाहिला, वास घेतला,
म्हणाली, जूनच्या गवतावरचं दिसतंय.
आणि सरकून मला जागा दिली.
अर्धा हनुवटीवरून ओघळला.
उरलेला आत गेला, त्याचा आवाज झाला, मी ऐकला.

पुढचा घोट आठला. ओतू नकोस, चमचा ओठाला टेकव,
ती स्वतः चाटेल.
खिडकीतली बरणी फेकू नकोस.
माझ्या बोटांच्या भेगांना आजीनं त्यातलं चोळलंय,
साबणानं चिरलेल्या. वास येतोय, हसू नकोस.

आणि दहाला दुसऱ्याची आई येईल, कपडे न्यायला.
तिला आज पान्हा फुटलाय.
हे कुणाला देता येईल का, असं तिनं आपणहून विचारलं,
तर मला उठव, मी कोठीतल्या बाकावर आहे.
नाही विचारलं, तर तू विचारू नकोस.
गार फडकी तयार ठेव.
बसायला खुर्ची दे, पाळण्याकडे पाठ नको, तोंडही नको,
खिडकीकडे वळव.