घरचंच

पावण्याला, केमिकल कंपनीत,
एकोणतीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर काढली.
ड्रम कुठलाही असो, आधी लेबल,
मग इन्चार्जची सही, मग झाकण.
दोन पदार्थ आपापल्या जागी गुणी असतात,
एका भांड्यात गेले की भांडं तापतं,
हे नव्या पोरांना मी शिकवायचो
डावा पंजा पसरून.
त्याला करंगळी नाही.

आता छातीत धातूची झडप.
रात्री घणसोली निजली की ऐकू येते.
कुंदा म्हणते, घड्याळाशेजारी झोपल्यासारखं वाटतं.
झडपेसाठी संध्याकाळी एक गोळी,
रक्त पातळ ठेवणारी, मुगाएवढी.

तळ्याकाठी फिरताना मढवीनानांनी डबी दिली.
हळद-लसणाच्या कॅप्सूल, गुडघे मोकळे होतात म्हणे.
झाकणावर हिरवं पान.
कुंदाने वर आल्याचा काढा जोडला,
पेलाभर, रोज, फुंकर घालून.

दीड महिन्याने दात घासताना
बेसिन गुलाबी.
मग दंडावर निळा डाग,
कुठे आपटल्याचं आठवेना.
मी बाही खाली ओढली.

वाशीच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला.
आकडा हवा तीनच्या आसपास,
आला होता सात.
"दुसरं कुठलं औषध चालू आहे?"
"नाही," मी म्हणालो.
"नाही," कुंदा म्हणाली.
खोटं कुणीच बोललं नाही.
आमच्यात हळदीला अख्खं गाव जेवतं,
तिला औषधांत कोण मोजतो?

मॅडमनी प्रश्न बदलला.
"सकाळपासून पोटात काय काय जातं, ते सांगा."
कुंदा बोटं मोडू लागली.
चहा. भाकरी. काढा. नानांची ती डबी...
मॅडमनी पेन खाली ठेवलं.

रिक्षात तिने एवढंच विचारलं,
"म्हणजे मीच?"
पुलावरून जाताना वारा होता,
ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.
मग दिघ्याच्या कुणा रिक्षावाल्यादेखत म्हणालो,
"लेबल मी नाही वाचलं."

आता फ्रिजच्या दाराला वही टांगली आहे.
तारीख, वस्तू, किती, सही.
नानांची डबीही दोऱ्याने तिथेच बांधली,
रिकामी,
मॅडमना दाखवून आणलेली.

काल तिने पालकाची जुडी आणली,
निवडायच्या आधी वही पुढे केली.
मी लिहिलं: नेहमीइतकाच, एक वाटी.
सही केली.

रात्री झडप वाजत होती.
कुंदा जागी होती,
ओठांतल्या ओठांत मोजत.