दोरीची सावली

जूनमधला सूर्य इथे, चिलोएच्या खाडीत,
उत्तरेच्या टेकडीवर जेमतेम कोपर टेकतो.
साडेनऊला उगवतो, चारच्या आत पसार,
रोजंदारी मात्र पूर्ण मागतो.

एलिओदोरो नाउएलकिनच्या पिवळ्या होडीवर
मी तिसऱ्यांदा आलोय, पाना आणि मीटर घेऊन.
टपावर तीन पॅनेल, जुनी, काळ्या काचेची,
तिघं मिळून एका दिव्याला महाग.
म्हातारा मला फसव्या म्हणत नाही.
कडू चहाचा भोपळा फिरवताना
फक्त मला वगळतो.

खाली शीतपेटीत मागच्या आठवड्याचे मासे
आणि त्यांच्या शेजारी
ओर्तेन्सियाच्या इन्शुलिनच्या कुप्या.
मासे फेकून देता येतात.

आधी काचा पुसल्या.
खाऱ्या तुषारांचा पापुद्रा, कुरवांची शीट,
नखाने खरवडावी लागली.
काटा दोन घरं सरकला.
मग पॅनेल उभी केली, जवळजवळ भिंतीसारखी,
खालून येणाऱ्या उन्हाला तोंड देत.
आणखी एक घर.
पण होडीला कुठे ठाऊक उत्तर!
नांगराभोवती वारा म्हणेल तशी वळते,
सकाळी लावलेलं तोंड दुपारी भलतीकडे.
तेव्हा मागूनही एक दोर नेला,
काठावरच्या आरायानच्या बुंध्याला बांधला.

आणि मग काही न करता बसलो.
त्यामुळेच दिसली:
डोलकाठीवरून टपापर्यंत ताणलेली दोरी,
मनगटाएवढी जाड,
तिची सावली मधल्या काचेवर आडवी.
एवढीशी. टोपीखाली झाकली असती.
ती सरकत आली आणि तिन्ही पॅनेलांनी
एकदम मान टाकली.

"एकाच माळेत ओवलीत ना," मी म्हणालो.
मीच ओवली होती, हे नाही म्हणालो.

एलिओदोरो बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.
"बैल," तो म्हणाला.
"बापाच्या बटाट्याच्या शेतात होते.
एक लंगडला की दुसराही उभा.
जू काढ."

जू काढलं.
तिघांना तीन वाटा, बॅटरीपाशीच काय ती भेट.
नवा नियंत्रक, जाड तारा,
बोटं इतकी गारठली की स्क्रू दातात धरले.
आता मधलं पॅनेल सावलीत डुलक्या घेतं
आणि कडेची दोघं ओढत राहतात.

"ती दोरी कापू का?" मी विचारलं.
"ती ओर्तेन्सियाची आहे," तो म्हणाला,
"तुझ्या काचांच्या आधीपासून."

दुपारी बारा चाळीस. सात अँपिअर.
खालून शीतपेटीची घुरघुर,
तृप्त मांजरासारखी.
भोपळा माझ्यापाशी आला, थांबला.
मी पहिला घोट घेतो न घेतो,
तोच शिडीवर पावलं वाजली:
ओर्तेन्सिया, काखेत बादली,
बादलीत पिळलेली दुहेरी चादर,
एवढं छान ऊन पडलंय, म्हणत.

आम्ही दोघं एकदमच उठलो.