गाळी

लेकीची सायकल. तिचं कॉलेज संपल्यापासून
जिन्याखाली, बटाट्याच्या पोत्याला टेकून.
कोपऱ्यावरच्या मल्लाप्पानं चाक गरकन फिरवलं,
"गाळी हाकू काय, बाई?"
कानडीत गाळी म्हणजे वारा.
दहा रुपयांत दोन्ही चाकं भरून वारा घेतला.

दुसरं गेट बंद.
स्कूटरवाले मालगाडीला हॉर्न मारतायत.
मी एक पाय जमिनीला लावून
डबे मोजतेय. एकतीस, बत्तीस... चुकले.
घाई नसली की चुकायलाही बरं वाटतं.

अनगोळ मागं पडलं. येळ्ळूरचा रस्ता, दोन्हीकडं भात,
बासमतीचा वास
पायडल थांबवलं की जास्तच येतो.
चेन कुरकुरते, ब्रेक फक्त मागचा.
एक हेल्मेटवाला पोरगा सुसाट पुढं गेला,
मनगटावरच्या घड्याळात बघत.
जा बाबा.

उताराला पाय सोडले.
त्रेपन्न वर्षांचे पाय, चपलांसकट, लोंबकळते.
तोंडातून काहीतरी निघालं, हुर्रर्र असं,
तशी बांधावरची बाई खुरपं थांबवून हसली,
"खट्टे चाललीस गे?"

काय सांगू?
येताना हाच चढ, ठाऊक आहे.
उतरेन, ढकलेन,
मल्लाप्पाचा वारा थोडा उरलाच असेल.